आडवी मुंबई

बोरिवलीहून ठाण्याला जायचं आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर अंतर भरतं साधारण १३ किलोमीटर. लोकलने निघालात तर बोरिवली ते दादर २४ किलोमीटर, तिथे पूल चढून उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडायची, आणि दादर ते ठाणे पुन्हा २५. तेराच्या जागी एकोणपन्नास. रेल्वे नको असेल तर घोडबंदर रोडने ठाणे परिवहनची बस आहे. डोंगराला उत्तरेकडून वळसा घालून ती जाते, आणि गायमुखच्या चढावर एखादा ट्रेलर बंद पडला की प्रवाशांना मोबाइलवर अख्खा सिनेमा बघून होतो.

मुंबईच्या लोकलवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. गर्दी, चौथी सीट, डब्यातली भजनं, हळदीकुंकू, सगळं. त्या मानाने एका साध्या गोष्टीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: हे शहर उभं उत्तम धावतं आणि आडवं अडखळतं. विरारहून चर्चगेट, कल्याणहून सीएसएमटी ही अंतरं जगातल्या कुठल्याही शहराला हेवा वाटावा इतक्या स्वस्तात कापता येतात. पण मालाडच्या माणसाला मुलुंडची नोकरी लागली की घरात पहिला विषय निघतो तो घर बदलण्याचा.

याचं मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८५३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली हे शाळेतच पाठ करून घेतात. ठाणे हा मुक्काम मात्र वाटेतला होता. कंपनीला जायचं होतं घाटावर. भोर घाट आणि थळ घाट ओलांडून कापसाच्या मुलखात. १८६५ पर्यंत दोन्ही घाट सर झाले. दुसरी कंपनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय. तिचं काम तर गुजरातेतून सुरू झालं आणि तिचे रूळ वसईची खाडी ओलांडून १८६४ मध्ये ग्रँट रोडला येऊन टेकले. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. दोन्ही कंपन्यांना हवा होता तो बंदरापर्यंत पोचणारा कापूस. अंधेरीच्या माणसाने घाटकोपरला कसं जावं याची काळजी कुणी करावी? अंधेरी आणि घाटकोपर ही तेव्हा भातखाचरांची गावं होती.

म्हणून एकीने पूर्वेची कड धरली, दुसरीने पश्चिमेची. १८६७ मध्ये बीबीसीआयने विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू केली आणि उपनगरी प्रवासाला तोंड फुटलं. १९२५ मध्ये जीआयपीची विजेवरची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बरमार्गे कुर्ल्याला गेली, १९२८ मध्ये बीबीसीआयनेही कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या आणल्या. मग वस्ती रुळांच्या कडेने चढत गेली. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, दोन्ही रेल्वेंचे झोन झाले: मध्य आणि पश्चिम. पाट्या बदलल्या, पण एका शहरात दोन रेल्वे, दोन मुख्यालयं, दोन वेळापत्रकं हा संसार तसाच चालू राहिला.

दोष केवळ कंपन्यांचा नाही. साष्टीच्या बेटाच्या मधोमध डोंगर आहे; आजचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. त्याच्या पोटात तुळशी आणि विहार तलाव. विहार आणि पवईचं सांडव्याचं पाणी घेऊन मिठी नदी खाली माहीमच्या खाडीकडे येते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाजण. त्यात भर विमानतळाची: बेटाच्या कमरेवर आडवी पडलेली धावपट्टी. आडव्या वाटा जायच्या तर या तिघांना चुकवून, नाहीतर यांच्या वरून-खालून.

तरीही एकदा प्रयत्न झाला होता, आणि तो आज जवळजवळ विसरला गेलाय. १९२८ मध्ये अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे चेंबूरपलीकडच्या ट्रॉम्बेला, जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला. लांबी सुमारे १३ किलोमीटर, गाड्या चालवायची जीआयपी. सेंट्रल साल्सेट ट्रामवे असंही त्याला म्हणत. सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो उखडला गेला. सांताक्रूझच्या विमानतळासाठी जी जागा हवी होती, तिच्यातूनच तो जात होता. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडला अजून त्याच ट्रामवेचं नाव आहे. रिक्षावाल्यापासून गुगलपर्यंत सगळे त्याचा संबंध बोरीबंदरच्या स्टेशनाशी लावतात. मला हा इतिहास फार टोचतो. अंधेरी आणि कुर्ला जोडणारे रूळ एकदा होते, ते काढले, आणि त्यानंतर साष्टीत आडवी प्रवासी रेल्वे यायला ऐंशी वर्षं लागली.

हार्बरची एक फांदी वडाळ्याहून माहीम, वांद्र्याकडे वळते आणि २०१८ पासून गोरेगावपर्यंत जाते, हे खरं. पण कुर्ल्याच्या माणसाने तिच्यातून अंधेरी गाठायची म्हणजे आधी दक्षिणेला वडाळ्याला उतरायचं, गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेला चढायचं. व्ही अक्षर गिरवल्यासारखा प्रवास.

राहता राहिलं दादर. दोन्ही रेल्वे तिथे शेजारी-शेजारी येतात, आणि सगळी आडवी मुंबई त्या पुलांवरून जाते. सकाळी साडेआठला मधल्या मोठ्या पुलावर उभं राहायची सोय नाही, पण कठड्याला टेकून दोन मिनिटं काढता आली तर बघण्यासारखं असतं. पश्चिमेच्या फुलबाजारातून झेंडूची पोती डोक्यावर घेतलेल्या बायका एका अंगाने चढत असतात, दुसऱ्या अंगाने डोंबिवलीची फास्ट रिकामी होते. मधोमध एक अदृश्य दुभाजक असतो. तो कुणी आखलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. त्यात एखादा नवखा थांबून विचारतो, ‘पाच नंबर कुठला?’ आणि मागची रांग त्याच्यावर आदळते. त्याचंही फार चुकत नसे. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत दादरला पाच नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिमचा, एक मध्यचा. मग मध्यचे आकडे बदलले: पश्चिमचे एक ते सात, तिथून पुढे मध्यचे आठ ते चौदा. खर्च पाट्या रंगवण्याचा. एवढ्यासाठी दोन रेल्वेंना सत्तर वर्षं लागली.

दादरच्या अलीकडे, दक्षिणेला, पश्चिमचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्यचं परळ असेच पाठीला पाठ लावून आहेत. तिथे पूल होता गिरण्यांच्या काळाचा, अरुंद. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले आणि पुलावरचा भार कित्येक पटींनी वाढला. पुलाची रुंदी तेवढीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी जोराचा पाऊस आला, दोन्हीकडच्या गाड्यांतून उतरलेले लोक आडोशाला पुलावरच थांबले, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. नवा पूल लष्कराने बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पुढे स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. त्या दिवशी जे गेले ते एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेकडे किंवा कामाच्या जागेकडे, म्हणजे आडवे, चालले होते. मुंबईच्या नियोजनात या चालण्याचा हिशेब कुठल्या खात्याच्या वहीत मांडायचा, हे तोवर ठरलेलंच नव्हतं.

आणि दरम्यानच्या दशकांत शहराने आपली कामाची ठिकाणं उचलून मधोमध नेऊन ठेवली. अंधेरी पूर्वेचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ चं. त्याला लागून मरोळची एमआयडीसी. फोर्टवरचा भार हलका करायला मिठीच्या खाजणात उभं केलेलं वांद्रे-कुर्ला संकुल. नावातच दोन स्टेशनं, आणि दोन्हींपासून लांब. कचेऱ्या बेटाच्या पोटात, रूळ दोन्ही कडांना.

ही पोकळी भरली ती शेअर रिक्षांनी. कुर्ला पश्चिमेला सकाळी नऊला बाहेर पडा. ‘बीकेसी, बीकेसी, एक सीट, एक सीट!’ मागे तीन, कधी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर चौथा. लॅपटॉपची बॅग पोटाशी, पाय बाहेर जाऊ नयेत म्हणून दांडीला पकड. मीटरचं नाव कुणी काढत नाही. माणशी दर ठरलेला, सुटे हातात तयार. महिन्याला सहा आकडी पगार घेणारा बँकेतला माणूस आणि त्याच्याच कचेरीत चहा देणारा मुलगा एका सीटवर मांडीला मांडी लावून येतात. माझ्या मते मुंबईच्या आडव्या वाहतुकीची सगळ्यात कार्यक्षम यंत्रणा हीच आहे, आणि ती कुठल्याच आराखड्यात नाही. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी असल्याने जुन्या शहराला तेवढीही सोय नाही. तिथे शेअर टॅक्सी.

बेस्टचं काय? १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली तेव्हापासून रेल्वे जिथे जात नाही तिथे बेस्टने जायचं अशी विभागणीच आहे. मार्गांचे आकडे पाहिले की हा विचार दिसतो: २०० ची मालिका पश्चिम उपनगरांची, ३०० ची पूर्वेची, आणि ४०० च्या मालिकेत दोघांना जोडणाऱ्या बऱ्याच गाड्या, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने किंवा मरोळ-साकीनाक्याने रखडत जाणाऱ्या. एके काळी चार हजारांवर असलेला ताफा आता तीन हजारांच्याही खाली आलाय, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. रस्ता नवा झाला की त्यावर आधी गाड्या येतात, बस शेवटी. मुळात रस्ताच उशिरा होतो: सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचंच बघा. २००३ ला हातात घेतलेला हा रस्ता २०१४ मध्ये खुला झाला, तोवर एक पिढी नोकरीला लागून स्थिरावली होती.

त्याच वर्षी, ८ जून २०१४ ला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, एकवीस मिनिटं. अंधेरी-कुर्ला रोडवर ज्यांनी साकीनाक्याच्या सिग्नलला तासन्‌तास काढलेत त्यांना ही एकवीस मिनिटं म्हणजे काय ते सांगायला नको. अंधेरीला ती पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाते आणि घाटकोपरला थेट मध्य रेल्वेच्या दारात सोडते. चारच डब्यांची गाडी, दिवसाला चार लाखांवर प्रवासी. घाटकोपरला संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर जी रांग लागते, तीच आडव्या प्रवासाची भूक किती जुनी होती याचा पुरावा.

गंमत अशी की यातून धडा घेतला असं म्हणवत नाही. पुढच्या ज्या दोन मार्गिका आल्या, दहिसर ते डी. एन. नगर आणि दहिसर ते अंधेरी पूर्व, त्या पुन्हा उभ्या. पश्चिम रेल्वेच्या एकेका बाजूने. गर्दी फोडायला त्यांचा उपयोग झाला, वाद नाही. मोनोरेलविषयी न बोललेलं बरं. ती चेंबूरहून निघून जेकब सर्कलला पोचेपर्यंत कुणाच्याही वाटेवर नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झालेली भुयारी मेट्रो ३ देखील मुळात उभीच: आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर. पण तिने वाटेत काही आडव्या गाठी मारल्यात. मरोळ नाक्याला ती वर्सोवा-घाटकोपरच्या मेट्रो १ ला भेटते. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्टेशनं आहेत; तोवर परगावचा माणूस विमानातून उतरला की त्याच्यापुढे टॅक्सी किंवा बॅगा घेऊन अंधेरीचा जिना एवढेच पर्याय होते. बीकेसीला तिचं स्टेशन आहे. आणि दक्षिणेला चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी असा तिचा क्रम लागतो. चर्चगेट आणि सीएसएमटी यांच्यात पायी वीसेक मिनिटांचं अंतर. मुंबईतल्या दोन सर्वात गजबजलेल्या उपनगरी टर्मिनसांना जोडणारा रूळ दीडशे वर्षांनी पडला, तोही जमिनीखालून.

त्याच वेळी ‘मुंबई वन’ हे ॲप आलं. मेट्रो, रेल्वे, बस मिळून अकरा संस्थांची तिकिटं एका ठिकाणी. प्रवाशाला सोयीचं आहेच, पण अकरा हा आकडा वाचून थबकायला होतं. एका शहरात फिरायला अकरा दारं!

राष्ट्रीय उद्यानाखालून आता दोन वाटा खणायच्या आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, त्यात ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. आणि ठाणे-बोरिवली बोगदा, पोचरस्त्यांसह सुमारे १२ किलोमीटरचा. दोन्ही मोटारींसाठी. डोंगराच्या पोटातून एवढं खणायचंच आहे तर त्यात एक मार्गिका बससाठी राखून ठेवा, अशी मागणी आजच करायला हवी. बोगदा खुला झाल्यावर ती करणं म्हणजे सांताक्रूझ-चेंबूरची पुनरावृत्ती.

बाहेरगावहून मुंबईला येणाऱ्यालाही ही उभी फाळणी चुकत नाही. गुजरात, राजस्थानकडचा माणूस मुंबई सेंट्रल नाहीतर वांद्रे टर्मिनसला उतरतो. घाटावरचा, वऱ्हाडातला सीएसएमटी, दादर किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला. कुणाचा नातेवाईक कुठे राहतो हे कुठलीच रेल्वे विचारत नाही. यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो चाकरमानी. गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या विकून तो बोरिवली, दहिसर, विरारला गेला आणि कोकण रेल्वे मात्र मध्य रेल्वेच्या टोकाला जोडलेली राहिली. गणपतीला गावी जायचं तर नालासोपाऱ्याहून मुलं, पिशव्या, मखराचं सामान घेऊन आधी दादर गाठायचं, तेही पहाटेच्या लोकलने. वसई रोड ते दिवा हा आडवा रेल्वेमार्ग डोंगराच्या उत्तरेला कित्येक वर्षं आहे, पण त्याच्यावर मालगाड्यांची चलती आणि प्रवाशांसाठी मोजक्या मेमू गाड्या.

अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसहून मडगावला जाणारी गाडी सुरू झाली. बोरिवली, वसई, भिवंडी, पनवेल, मग रोह्याहून खाली कोकणात. आठवड्यातून दोन दिवस. वसईला तिचं इंजिन पुढचं मागे जोडावं लागतं, कारण बोरिवलीकडून येणारी गाडी दिव्याच्या रुळावर सरळ वळू शकत नाही. नायगावहून जुचंद्रला जाणारी सहाएक किलोमीटरची जोडमार्गिका मंजूर आहे. ती झाली की वसईचा हा खोळंबा टळेल आणि आठवड्याला दोनाऐवजी रोज गाडी मागायला चाकरमानी मोकळा होईल.