अठरा अक्षौहिणींचा हिशेब

महाभारत युद्धाची तारीख दर वर्षा-दोन वर्षांनी कुणाला तरी नव्यानं सापडते. संगणकावर हजारो वर्षांपूर्वीचं आकाश उभं केलं जातं, भीष्मपर्वातले ग्रह त्यात बसवले जातात आणि एक दिनांक जाहीर होतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, विज्ञानानं सिद्ध झालं. दुसरा म्हणतो, छे, सगळी कविकल्पना. या दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं: लाखभर श्लोकांच्या या ग्रंथाला ‘घडलं’ किंवा ‘नाही घडलं’ असं एकच उत्तर लागू पडतं, असं दोघंही धरून चालतात. मला ते मुळातच पटत नाही. हा प्रश्न विचारायलाच हवा, पण अख्ख्या महाभारताला नव्हे. तो प्रसंगाप्रसंगाला, कधी कधी तर श्लोकाश्लोकाला विचारावा लागतो.

आधी तारखांचंच पाहू. बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळे इथं मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीत दुसऱ्या पुलकेशीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. रविकीर्ती नावाच्या कवीनं तो रचला. तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख त्यात असल्यामुळे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांतही तो हमखास येतो. त्यात रविकीर्ती सांगतो की भारत युद्धाला ३७३५ वर्षं झाली आणि शकाची ५५६ वर्षं झाली. म्हणजे लेख इ. स. ६३४चा आणि युद्ध इ. स. पूर्व ३१०२च्या सुमाराचं. आता वराहमिहिर घ्या. त्याची बृहत्संहिता युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २५२६ वर्षं धरते; तो येतो इ. स. पूर्व २४४९च्या आसपास. काश्मीरचा कल्हण हाच काळ मानतो आणि कलियुग सुरू झाल्यावर ६५३ वर्षांनी कौरव-पांडव झाले असं लिहितो. पुराणांत परीक्षितापासून महापद्म नंदापर्यंतचं अंतर काही पाठांत एक हजार पन्नास वर्षांचं आहे, म्हणजे युद्ध इ. स. पूर्व चौदाव्या-पंधराव्या शतकात येतं. हे सगळे आपलेच, परंपरेतलेच, आदरणीय लोक. त्यांच्यात दीड हजार वर्षांचा फरक आहे. पुण्याच्या प. वि. वर्तकांनी ‘स्वयंभू’मध्ये इ. स. पूर्व ५५६१ हे साल काढलं, तेव्हा हे अंतर आणखी वाढलं.

इतकी वेगवेगळी उत्तरं का येतात, हे भीष्मपर्वाचे सुरुवातीचे अध्याय उघडले की कळतं. व्यास धृतराष्ट्राला युद्धापूर्वीची दुश्चिन्हं सांगत आहेत. एका ठिकाणी शनी रोहिणीला पीडा देतो आहे. थोड्याच श्लोकांनंतर शनी आणि गुरू विशाखेजवळ वर्षभर ठाण मांडून आहेत. रोहिणी आणि विशाखा ही नक्षत्रं आकाशाच्या जवळपास समोरासमोरच्या अंगांना आहेत. शनी एकाच वर्षी दोन्हीकडे असू शकत नाही. आणि याच यादीत गायींच्या पोटी गाढवं जन्मताहेत, देवांच्या मूर्ती थरथरताहेत, हसताहेत. ही अरिष्टांची यादी आहे. ती वाचून अंगावर काटा यावा म्हणून लिहिली आहे, वेधशाळेतली नोंदवही म्हणून नव्हे. तिच्यातली गाढवं सोडून द्यायची आणि शनी तेवढा उचलायचा, हे कुठल्या नियमानं? कोणता शनी उचलायचा, हे ठरवलं की हवी ती तारीख मिळते.

मग हातात काय उरतं? माझ्या मते, बरंच काही. फक्त ते मिळवायला कष्ट पडतात, आणि ते कष्ट आपल्या पुण्यातच घेतले गेले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ची. दोन वर्षांनी तिथं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५मध्ये विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची सूत्रं हाती घेतली. देशभरातून शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या पोथ्या जमवल्या. एका कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. जिथं अक्षर बदलतं तिथंच नोंद करायची. असं एकेका श्लोकाचं, आणि श्लोक हजारोंनी. काही ताडणी शांतिनिकेतनात झाली, काही तंजावरला, भोसले राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. सुकथनकर १९४३मध्ये गेले. त्यांच्यानंतर बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम पुढं नेलं. १९६६मध्ये, १२५९ पोथ्यांची ताडणी होऊन, १९ खंडांत ते पुरं झालं. संहितेत जुने ठरलेले श्लोक तेवढे राहिले. बाकीचे तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. फेकला मात्र एकही नाही.

काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी पुष्कळदा एकमेकींशी जुळतात आणि मधल्या प्रदेशातल्या पोथ्यांत भर पडलेली असते, हे सुकथनकरांच्या ध्यानात आलं. देशाच्या दोन टोकांच्या लेखनिकांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असणं अवघड. तेव्हा दोघांकडे जे सारखं आहे, ते जुनं. केवढी साधी कसोटी, पण तिनं काय काय हललं ते पाहा. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही कथा परिशिष्टात गेली. गणपतीला आराध्य मानणाऱ्या शहरात, तिथल्याच विद्वानांनी, पोथ्या सांगतात म्हणून हा निर्णय घेतला. याचा मला फार अभिमान वाटतो. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हा द्रौपदीचा टोमणा, ज्याच्यावरून आजही तिला युद्धाचं कारण ठरवलं जातं, तो संहितेत नाही. वस्त्रहरणाच्या वेळी तिनं कृष्णाचा धावा केला, हेही संहितेत नाही. वस्त्रं येत राहतात, एवढंच आहे. आणि पुढं वनपर्वात कृष्ण स्वतःच सांगतो की तेव्हा मी शाल्वाशी लढत होतो, जवळ असतो तर द्यूत होऊच दिलं नसतं. ही विसंगती हजारो श्रोत्यांच्या समोरून गेली असेल. कृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची गोष्ट आपल्या घराघरांत आहे, ती तर व्यासांच्या ग्रंथातली नाहीच. म्हणून ती खोटी ठरत नाही. बहीण-भावाच्या नात्याविषयी लोकांना काय वाटत होतं, याचा तो खरा पुरावा आहे. द्रौपदीच्या काळाचा तो पुरावा नाही, इतकंच.

चिकित्सक आवृत्तीनंही व्यासांचा मूळ ग्रंथ हाती आलेला नाही, आणि संपादकांनी तसा दावा केला नाही. पोथ्या जितक्या मागं नेतात तितकंच मागं जाता येतं. त्याच्याही मागं जायचं तर माती उकरावी लागते.

ते काम ब्रज बासी लाल यांनी मेरठ जिल्ह्यातल्या हस्तिनापूरला १९५० ते १९५२ या काळात केलं. तिथं राखाडी रंगाची, काळ्या रेघांनी नटवलेली नाजूक भांडी मिळाली. तशीच अहिच्छत्र, मथुरा, कुरुक्षेत्र या महाभारतातल्या गावीही मिळाली. त्या थरात घरं होती मातीची आणि कुडाची. पाण्यासारखी भासणारी फरशी आणि रत्नजडित खांब कुठंच नाहीत. पण त्या वस्तीचा मोठा भाग गंगेच्या पुरानं कापून नेल्याच्या खुणा मिळाल्या. पुराणं सांगतात की परीक्षितानंतरच्या निचक्षू राजाच्या काळात हस्तिनापूर गंगेनं वाहून नेलं आणि राजधानी कौशांबीला गेली. लालांनी या दोन्हींची सांगड घातली आणि युद्ध इ. स. पूर्व ९००च्या सुमाराचं मानलं. ही सांगड सगळ्यांना मान्य नाही. मला ती विचारात घेण्याजोगी वाटते, पण तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे. पुरामुळे पूर सिद्ध होतो, अर्जुन नव्हे.

मातीची घरं आणि अठरा अक्षौहिणी यांचा मेळ कसा घालायचा? एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अठरांनी गुणलं की नुसते हत्ती होतात ३,९३,६६०. आज सबंध देशात जंगली हत्ती तीस हजारांच्या आत आहेत. शिवाय एका अक्षौहिणीतल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज अठराच येते. पर्वं अठरा, दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा. हा आकडा कवीचा आहे. रणांगणावर मोजदाद करणाऱ्याचा नव्हे.

मग इतिहास कुठं शोधायचा? कवीला जिथं मिरवायचं आहे तिथं नाही. जिथं त्याची अडचण होते आहे, तिथं. पाच भावांची एक बायको ही गोष्ट पुढच्या काळातल्या ऐकणाऱ्यांना झेपणारी नव्हती. ग्रंथ ती लपवत नाही, पण किती धडपडतो! द्रुपद हरकत घेतो. युधिष्ठिर सात ऋषींशी लग्न केलेल्या जटिलेचा दाखला देतो. व्यास पाच इंद्रांची कथा सांगतात, आणि पाचदा पती मागणाऱ्या कन्येचीही. जी गोष्ट मुद्दाम रचली, तिच्यासाठी इतकी कारणं द्यावी लागत नाहीत. ती कुठून तरी आली होती आणि गाळता येत नव्हती, असंच मला वाटतं. खांडववनाचंही तसंच. अग्नीची भूक भागवण्याच्या नावाखाली सबंध अरण्य जाळलं गेलं. अश्वसेन नाग, मय आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं एवढेच वाचले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे शेतीसाठी जमीन मोकळी करणाऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा केलेला संहार म्हणून पाहिलं. पुस्तक १९६७चं, त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. श्रद्धा न दुखावता आणि न लाजता हे लिहिता येतं, हे त्यांनी मराठीत दाखवून दिलं.

उलट बाजूचं उदाहरण नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर आहे. ‘पांडवलेणी’ नावानं ओळखली जाणारी ती लेणी बौद्ध भिक्षूंची. नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर कोरलेले आहेत, नावांनिशी. पांडवांचा त्यांत संबंध नाही. तरी लोकांनी पांडवांना तिथं नेऊन वसवलं. दगडात कोरलेला इतिहास लोक विसरले आणि आख्यायिका राहिली. उषवदाताचं नाव आज किती नाशिककरांना ठाऊक आहे?

तेव्हा यापुढं महाभारत युद्धाची पक्की तारीख कुणी पाठवली, तर वाद घालू नका. तो श्लोक कोणत्या पर्वातला आणि चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत तो आहे की तळटीपेत, एवढं विचारा. उत्तर आलं नाही, तर स्वतः पाहा. मोठ्या ग्रंथालयांत ते खंड आहेत, आणि संहिता आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते.