सोनी बीएमजी रूटकिट प्रकरण

सोनी बीएमजी रूटकिट प्रकरण हा इ.स. २००५ मध्ये अमेरिकेत उद्भवलेला, संगीताच्या सीडींवरील नक्कल-प्रतिबंधक आज्ञावलींविषयीचा वाद होय. सोनी बीएमजी या कंपनीने सीडींवर घातलेली आज्ञावली ग्राहकाला न सांगता त्याच्या संगणकात दडून बसे आणि संगणकाची सुरक्षितता धोक्यात आणी.

अशा आज्ञावली दोन होत्या. ब्रिटनमधील फर्स्ट फोर इंटरनेट या कंपनीने तयार केलेली एक्ससीपी ५२ अल्बमांवर होती. अमेरिकेतील सनकॉमची मीडियामॅक्स इतर काही अल्बमांवर. वाद मुख्यतः पहिलीवरून पेटला. मात्र मीडियामॅक्सही निर्दोष नव्हती. करारातील अटी नाकारल्या तरी ती संगणकात उतरत असे.

कार्यपद्धती

साध्या सीडी प्लेअरवर या सीडी नेहमीप्रमाणे वाजत. विंडोज संगणकात सीडी घालताच ‘ऑटोरन’ सोयीमुळे आज्ञावली आपोआप सुरू होई. एक्ससीपीच्या करारात आज्ञावली बसवण्याचा उल्लेख होता, ती लपवली जाईल याचा नव्हता.

युनिक्स प्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्त्यास ‘रूट’ म्हणतात. त्या दर्जाचे अधिकार वापरून स्वतःचे अस्तित्व लपवणारा साधनसंच म्हणजे रूटकिट. ज्या फाइलच्या नावाच्या आरंभी डॉलरचिन्ह, ‘एसवायएस’ ही अक्षरे व पुन्हा डॉलरचिन्ह असेल, ती प्रत्येक फाइल एक्ससीपी दृष्टिआड करी, मग ती कोणाचीही असो. खरी मेख येथेच होती. नोव्हेंबर २००५ मध्ये याच आडोशाचा फायदा घेणारे ट्रोजन आढळले. कुंपणच शेत खाऊ लागले ते असे.

संगणकात एक्ससीपी आहे का, हे ओळखण्याची युक्तीही यातूनच मिळाली. एखाद्या साध्या फाइलला तसे नाव द्यावे. ती दिसेनाशी झाली तर एक्ससीपी आहे असे समजावे.

उलगडा आणि निर्मूलन

संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्या संगणकात हे रूटकिट सापडले. त्याचा माग त्यांनी विकत घेतलेल्या एका सीडीपर्यंत पोहोचला. ही माहिती त्यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी जाहीर केली. लपलेल्या फाइली हाताने पुसल्यास संगणकाला सीडी ड्राइव्हच ओळखू येईनासा होतो, हेही त्यांनी दाखवले. सामान्य वापरकर्त्याने काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच बिकट झाला.

कंपनीच्या पहिल्या दुरुस्तीने केवळ पडदा दूर झाला. आज्ञावली तशीच राहिली. पुढे ती काढून टाकण्यासाठी संकेतस्थळावरून जो उपाय दिला गेला, त्यातून संगणकात एक घटक मागे राही आणि त्याद्वारे कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकावर हवी ती आज्ञावली चालवू शके. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन व अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी हे उघडकीस आणले. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले. अखेर नोव्हेंबरच्या मध्यास कंपनीने एक्ससीपी असलेल्या सीडी परत घेण्याचे जाहीर केले.

ज्यांना रोखायचे, त्यांना या योजनेचा फारसा अडथळा नव्हता. सीडी घालताना शिफ्ट कळ दाबून ठेवली की ऑटोरन थांबते, हे हाल्डरमन यांनी मीडियामॅक्सच्या आधीच्या आवृत्तीसंदर्भात २००३ मध्येच दाखवले होते. भुर्दंड पडला तो पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांना. शिवाय एक्ससीपीमध्येच ‘लेम’ या मुक्त प्रकल्पाचा भाग परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याचे आढळले.

न्यायालयीन कारवाई

२१ नोव्हेंबर २००५ रोजी टेक्सास राज्याने कंपनीवर दावा दाखल केला. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीस मे २००६ मध्ये मान्यता मिळाली. संगणकाचे नुकसान झालेल्यांना दुरुस्तीपोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी आणि यापुढे आज्ञावली बसवण्यापूर्वी ग्राहकाची संमती घ्यावी, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर जानेवारी २००७ मध्ये झालेल्या समझोत्यात ठरले.