संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा

हा विषय इंजिनियर मंडळींचा आहे, कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात कशाला पडावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु आज संघटनेची वर्गणी, सभासदांची यादी, तक्रारींचे अर्ज हे सारे संगणकावर आले आहे. सभासद कोण कोण आहेत हे मालकाला वेळेआधी कळले तर काय होते, हे औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्यांस सांगावयास नको. तेव्हा ही माहिती ज्या वाटेने जाते ती वाट कशी असते, आणि ती अडली तर कोणी अडविली हे कसे ओळखावे, एवढे आपणांस समजले पाहिजे. मी हे शाळेत शिकलो नाही. जाणत्यांना विचारून आणि यंत्रापुढे बसून शिकलो. म्हणून साध्या रीतीनेच सांगतो.

संकेतस्थळाची पाने पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. त्याला 1 ते 65,535 अशा क्रमांकांचे दरवाजे असतात. त्यांचे नाव पोर्ट. साधी पाने 80 क्रमांकाच्या दरवाजाने जातात. ती पोस्टकार्डासारखी असतात, वाटेत कोणीही वाचावीत. कुलूपबंद पाने 443 क्रमांकाच्या दरवाजाने जातात. या कुलपाच्या पद्धतीस टीएलएस म्हणतात, तिची 1.3 ही आवृत्ती 2018 साली आली. फायरवॉल म्हणजे गेटावरचा पहारेकरी. कोणाला कोणत्या दरवाजाने सोडावयाचे याची यादी त्याच्या हाती असते, आणि यादीबाहेरच्याला तो सोडत नाही. नेहमी घडणारा प्रकार असा, की जुने साधे संकेतस्थळ कुलूपबंद केले जाते, प्रमाणपत्र बसविले जाते. पण पहारेकऱ्याच्या यादीत 80 असतो आणि 443 लिहावयाचा राहून जातो.

आता, “उघडत नाही” एवढ्या तक्रारीने काम भागत नाही. कसे उघडत नाही, हे विचारले पाहिजे. त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, शुकशुकाट. पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि बऱ्याच वेळाने ‘वेळ संपली’ असे उत्तर येते. येथे बहुधा फायरवॉलच असते. आलेली हाक ती मुकाट्याने गिळते, म्हणजे परक्याला येथे घर आहे हेदेखील कळू नये.

दुसरा, तत्काळ नकार. हा बहुधा यंत्राकडून येतो: दरवाजामागे कोणी बसलेलेच नाही. सर्व्हरचा प्रोग्राम बंद असेल, किंवा तो केवळ आतल्या हाका ऐकत असेल. काही पहारेकरी स्वतःही नकार देतात. तरी शोध घरातून सुरू करावा हे बरे.

तिसरा, दार उघडते, पण कुलपाची बोलणी अडतात किंवा प्रमाणपत्राबद्दल इशारा येतो.

तपासणी आतून बाहेर न्यावी. प्रथम सर्व्हरवरच ‘एसएस’ ही आज्ञा देऊन 443 वर कोणी ऐकत आहे का ते पाहावे, आणि तेथूनच ‘कर्ल’ने पान मागावे. ते आले म्हणजे घरातले सारे ठीक. मग त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून मागावे, आणि शेवटी मोबाइलच्या स्वतःच्या डेटावरून. ज्या पायरीवर उत्तर थांबते, तिच्या अलीकडे अडथळा आहे.

भाड्याच्या सर्व्हरला पुष्कळदा दोन पहारेकरी असतात: एक यंत्राचा, दुसरा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या जाळ्याचा. एकाची यादी सुधारून दुसऱ्याची विसरली, तर दार बंदच राहते. दोघांपैकी कोण, हे ‘टीसीपीडम्प’ सांगते. ते सर्व्हरवर चालू ठेवून बाहेरून हाक मारावी. हाक यंत्रापर्यंत आलेली दिसली पण उत्तर गेले नाही, तर यंत्राचा पहारेकरी पाहावा. हाकच दिसली नाही, तर बाहेरचा.

तिसऱ्या प्रकारात कधीकधी मौज असते. लहान पुडके जाते, मोठे वाटेतच हरवते. ‘पुडके मोठे आहे, लहान करा’ हा आयसीएमपी नावाचा निरोप एखाद्या अतिदक्ष फायरवॉलने अडविलेला असतो. प्रमाणपत्राचे पुडके मोठे. म्हणून बोलणी तेथेच गोठतात.

पण आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एका कारखान्यातील सभासदांनी सांगितले, की घरून अर्जाचे पान नीट उघडते, कारखान्याच्या वाय-फायवर मात्र प्रमाणपत्राचा इशारा येतो. प्रमाणपत्र देणारा कोण हे पाहिले, तर तेथे कारखान्याच्याच तपासणी यंत्राचे नाव! ते यंत्र मध्ये बसून पाकिटे उघडीत होते. कारखान्याच्या संगणकावर तर असा इशाराही येत नाही, कारण त्या संगणकास हे प्रमाणपत्र खरे मानावयास आधीच शिकविलेले असते. म्हणून इशारा दिसताच ‘पुढे चला’ दाबू नये. आणि संघटनेचे काम आपल्या फोनवर, आपल्या डेटावर करावे.

शेवटी एक सांगणे. वैतागलेला माणूस म्हणतो, फायरवॉलच बंद करून टाका. तसे केले की 443 बरोबर इतर दरवाजेही मोकळे होतात. 3306 वर मायएसक्यूएल ही माहितीची कोठी बाहेरच्या हाका ऐकत असेल, तर तीही उघड्यावर येते, आणि तिच्यातच सभासदांची नावे असतात. यादीत एक ओळ वाढवावयास दोन मिनिटे लागतात. तेवढी एकच ओळ वाढवावी, बाहेरून पुन्हा पान मागून पाहावे, आणि कोणी, केव्हा, काय बदलले हे कार्यालयाच्या वहीत लिहून ठेवावे.