रक्तात उतरलेल्या गोळीचा हिशेब

मधुमेह असलेल्या घरात ‘फास्टिंग किती, पीपी किती’ हे आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. घेतलेली गोळी रक्तात किती उतरली, हे मात्र कुणी विचारत नाही. जेनेरिक गोळी मूळ गोळीच्या तोडीची आहे, हे सिद्ध करताना हाच प्रश्न विचारावा लागतो. उत्तर मिळतं ते एलसी-एमएस/एमएस नावाच्या यंत्रातून.

निरोगी स्वयंसेवकांना काही दिवसांच्या अंतरानं दोन्ही गोळ्या देतात आणि ठरल्या वेळी रक्त काढतात. प्लाझ्मा वेगळा करून गोठवतात. प्रयोगशाळेत त्याच्या दोन-चार थेंबांत अ‍ॅसिटोनायट्राइल घातलं, की नासलेल्या दुधासारखी प्रथिनं फुटून तळाशी बसतात. वरची निवळी रेणू वेगवेगळे करणाऱ्या कॉलममधून जाते, मग विद्युतभारित फवारा होऊन यंत्रात शिरते. या फवाऱ्याच्या तंत्रासाठी जॉन फेन यांना 2002 साली नोबेल मिळालं. आत दोन चाळण्या. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचंच घ्या: त्याचा आयन 130 वस्तुमानाचा. पहिली चाळणी तेवढाच पुढे सोडते, मध्ये वायूवर आदळून तो फुटतो आणि दुसरी चाळणी 71 चा तुकडा टिपते. वस्तुमान 130 असणारे दुसरे रेणू रक्तात असतीलही, पण नेमका असाच फुटणारा, त्याच मिनिटाला बाहेर येणारा सहसा नसतो.

तरी मेटफॉर्मिन हे प्रकरण त्रासदायकच. पाण्यावर जीव असलेला हा रेणू नेहमीच्या सी-18 कॉलमवर टिकतच नाही. क्षारांच्या गर्दीबरोबर सुरुवातीलाच निसटतो आणि त्या गर्दीत त्याचा सिग्नल दबतो. म्हणून अशा रेणूंना धरून ठेवणारा हिलिक प्रकारचा कॉलम घेतात. शिवाय सहा ड्युटेरियम अणू बसवलेलं मेटफॉर्मिन प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेत घालतात. सिग्नल दबलाच तर दोघांचा सारखाच दबतो, गुणोत्तर बिघडत नाही.

आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी जोडगोळी म्हणजे मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइडचा स्वभाव अगदी उलटा: पाण्याशी वैर, 99 टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना चिकटलेला. मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅमच्या गोळीनंतर मिलिलिटरला साधारण एक मायक्रोग्रॅमपर्यंत चढतं, तर एक मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दोन्ही एकाच रनमध्ये मोजायची म्हणजे एकाच्या सिग्नलचा उंचवटा छताला भिडू द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा जमिनीत गाडला जाऊ द्यायचा नाही.

माझ्या मते यंत्रापेक्षा पाहण्यासारखी आहे ती त्याच्याभोवतीची शिस्त. प्रत्येक रनमध्ये माहीत असलेल्या मात्रेचे क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचे, नमुने पेरलेले असतात. त्यांतले दोन-तृतीयांश तरी 15 टक्क्यांच्या आत बसले नाहीत तर सगळा रन बाद. शेवटी जेनेरिक आणि मूळ औषधाच्या गुणोत्तराचा 90 टक्के विश्वासांतराल 80 ते 125 टक्क्यांच्या आत यावा लागतो. ‘जेनेरिकमध्ये 20 टक्के औषध कमी चालतं’ हा अर्थ त्यातून काढणारे बरेच भेटतात. तो चूक आहे: सरासरीच 80 वर आली तर निम्मा अंतराल रेषेबाहेर जातो आणि गोळी नापास होते.

याच मोजणीनं 2008 मध्ये सिंगापूरमध्ये वेगळंच काम केलं. मधुमेह नसलेले दीडशे जण साखर एकदम घसरून रुग्णालयात आले, चौघे दगावले. अशा वेळी शरीरातच इन्सुलिन जास्त स्रवत असल्याचं दिसलं, तर स्वादुपिंडात गाठ असल्याचीही शंका येते. पण बहुतेकांच्या रक्तात किंवा लघवीत ग्लिबेनक्लामाइड हे इन्सुलिन स्रवायला लावणारं मधुमेहाचं औषध सापडलं. लैंगिक शक्तीच्या नावाखाली विकलेल्या गोळ्यांत ते भेसळ केलेलं होतं.