सेंद्रिय थाळी पुण्यात, माल पलूसचा. मग नफा कोणाचा?

पुण्या-मुंबईकडे अलीकडे नव्या धर्तीच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. कोठे 'सेंद्रिय थाळी', तर कोठे 'पर्यावरणपूरक भोजनगृह'. नेहमीच्या थाळीपेक्षा दर चढा, तरी सुट्टीच्या दिवशी जागा मिळत नाही. मागे पुण्यात अशाच एका हॉटेलात आम्ही जेवलो. तांब्याच्या भांड्यात आमटी, केळीच्या पानावर भाकरी-भाजी आणि शेवटी काळसर गुळाचा खडा. जेवण खरोखर चांगले होते. बिल देताना आम्ही सहज विचारले, "भाजी कुठली?" वेटरने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाले, "गावाकडची आहे, सेंद्रियच आहे." गाव कोणते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

परतीच्या गाडीत किर्लोस्करवाडी स्टेशन येईपर्यंत आमच्या डोक्यात हाच हिशेब चालू होता. भाजी, गूळ, हळद, केळीचे पान, भांड्याची कल्हई. या ताटातली एकही वस्तू पलूस भागाला नवी नाही. मग त्या चढ्या दरातला आपला वाटा कोठे गेला?

ही मागणी आली कोठून?

मुंबईत १९९० साली 'कॉन्शस फूड' या नावाने सेंद्रिय धान्य-किराण्याचा धंदा सुरू झाला. २०१० पासून वांद्र्याला रविवारी शेतकरी बाजार भरू लागला. दुकानातून आणि बाजारातून ही आवड हॉटेलात पोहोचली. पुढे कायद्यानेही रेटा दिला. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद, अशी शिक्षा ठरली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अशा अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. पत्रावळी, मातीचे कुल्हड, सुपारीच्या झाडाच्या विरीची ताटे आणि उसाच्या चोथ्याच्या वाट्या यांना त्यामुळे गिऱ्हाईक वाढले. चोथ्याची तर आपल्या ऊसपट्ट्यात वाण नाही.

कारागिराचे काम

यात सर्वांत दुर्लक्षित धंदा कल्हईचा. स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यापासून तो बसत गेला. बापाची भट्टी मुलाने मोडीत काढली, असे कित्येक घरांत घडले. आता शहरातील हॉटेले पुन्हा तांब्या-पितळेकडे वळत आहेत. तांब्यात चिंच, कोकम, ताक असे आंबट पदार्थ ठेवले की तांबे अन्नात उतरते. म्हणून भांडे घासून, तापवून, नवसागर टाकून आतून कथिलाचा हात फिरवावाच लागतो. रोजच्या वापराने ही कल्हई झिजते. म्हणजे हे एकदाचे काम नसून पुन्हा पुन्हा मिळणारे काम आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कथिलात शिसे मिसळले तर कल्हई स्वस्त पडते, पण शिसे हे विष आहे आणि लहान मुलांना त्याची बाधा अधिक होते. शुद्ध कथिल वापरावे, त्याची खरेदीची पावती जपावी आणि मागितल्यास हॉटेलवाल्याला दाखवावी. कामाचा चांगला दर मागण्याचा हक्क या पावतीनेच मिळतो.

'सेंद्रिय' शब्दाला पुरावा लागतो

बागवान भाईंसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेणखत घातले म्हणजे माल सेंद्रिय झाला, असे कायदा मानत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे 'सेंद्रिय' म्हणून विकायच्या मालाला प्रमाणपत्र हवे. ते दोन मार्गांनी मिळते. एक, प्रमाणन संस्थेकडून. दुसरा, पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेते तपासण्याची पद्धत. लहान शेतकऱ्याला दुसरा मार्ग खर्चाला परवडतो. रासायनिक शेती सोडून सेंद्रियात यायला दोन-तीन वर्षे जातात, हेही ध्यानात ठेवावे.

लहान शेतकरी स्वतः थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. पण ही सूट मधल्या व्यापाऱ्याला नाही. दहा शेतकऱ्यांचा माल गोळा करून हॉटेलला 'सेंद्रिय' म्हणून देणारा बागवान स्वतः जबाबदार ठरतो.

कागदाची किंमत आपल्या भागाने द्राक्षात पाहिली आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. पेटी कोणत्या बागेतली, हे सांगणारी 'ग्रेपनेट' नोंद २००६ पासूनच सुरू होती. पण नोंद केवळ माल कोठला ते सांगते. माल स्वच्छ ठेवणे हे बागेतच करावे लागते.

गुळाचेही तसेच. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा असतो. रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ काळसर दिसतो आणि आज त्यालाच शहरात मान आहे. मात्र असा गूळ 'रसायनविरहित' झाला, तरी ऊस सेंद्रिय नसेल तर त्याला 'सेंद्रिय' म्हणू नये.

मांसाबाबतही घोळ नको. गावरान कोंबडी म्हणजे सेंद्रिय नव्हे, आणि सेंद्रिय म्हणजे हलाल नव्हे. आपल्या गिऱ्हाइकाला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात.

सुरुवात कशी करावी?

एकट्याने मोठी उडी घेऊ नये. दोन-तीन बागवानांनी मिळून एका पीजीएस गटाशी बोलणी करावी. तो माल वेगळ्या क्रेटमध्ये ठेवावा, आणि शेतकरी, गाव, तारीख व वजन यांची वही ठेवावी. शहरातील एकच हॉटेल धरावे आणि दर व पैसे देण्याची मुदत लेखी ठरवून घ्यावी, कारण भाजी नासते आणि उधारी बुडते. कल्हईवाल्याने भांड्यांच्या संख्येवर वर्षाचा ठराव करावा.

प्रमाणपत्र नसेल तर 'पलूसचा ताजा माल' एवढेच म्हणावे. तेही विकले जाते आणि ते खरे असते. पुण्याच्या त्या मालकाला गावाचे नाव सांगता आले नाही. ते नाव, वहीसह, त्याच्या हाती देणे हाच आपला धंदा आहे.