पुढे उभा राहणारा शाहीर : अमर शेख

१९७०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत पंक रॉक या नावाने जे संगीत उदयास आले, त्याचे बळ वादनाच्या कसबात नव्हते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे त्याने वर्षानुवर्षांच्या तालमीची किंवा कुणाच्या परवानगीची वाट न पाहता मंचावर यावे, या आग्रहात ते होते. विजेवर वाजणारी एखाद-दुसरी गिटार, ड्रम आणि कंठ फुटेस्तोवर गाणारा एक माणूस एवढ्या सामग्रीवर दोन-तीन मिनिटांची गाणी उभी राहत, आणि त्या गाण्यांत घरभाडे, बेकारी, पोलिसांची दंडेली, राजघराण्याचा थाट असे विषय उघडपणे येत. १९७७ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्स या बँडने राणीलाच उद्देशून काढलेले गाणे वाजवण्यास बीबीसीने मनाई केली, तरीही विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अशा बँडच्या अग्रभागी उभ्या राहणाऱ्या गायकाला फ्रंटमन म्हणतात. बँडमधील प्रत्येक गाणे त्याने लिहिलेले असतेच असे नाही, वाद्यांवर त्याची हुकमत असतेच असे नाही. परंतु प्रेक्षक त्याच्याकडे पाहतात, वर्तमानपत्रे त्याला जाब विचारतात आणि पोलीस आधी त्याच्या दारात येतात.

महाराष्ट्रात या भूमिकेचा शोध घेऊ लागले की दृष्टी मुंबईच्या रॉक मंचांपेक्षा आधी जाते ती लाल बावटा कलापथकाकडे आणि त्या कलापथकाचा आवाज बनलेल्या शाहीर अमर शेख यांच्याकडे. दोन्हीकडचे संगीत एकच होते असे येथे सुचवायचे नाही, कारण पोवाड्याला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि पंकने तर इतिहास झुगारण्यातच धन्यता मानली. साम्य आहे ते गाणाऱ्याने समाजात घेतलेल्या जागेचे. पंकच्या जन्मापूर्वी तीस वर्षे ही जागा मराठी मंचावर निर्माण झाली होती, आणि ती घेणारा माणूस मराठवाड्याच्या अगदी वेशीवर, बार्शीत जन्मला होता.

अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीतील एका गरीब मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बार्शी त्या काळी ब्रिटिश मुलखात असली तरी तिचे व्यवहार निजामाच्या मुलखाशी घट्ट बांधलेले होते. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या अरुंद रुळांवरून धावणारी छोटी गाडी, १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि बालाघाटच्या पठारावरचा शेतमाल तिच्यातून बार्शीच्या बाजूला उतरू लागला. गिरण्या, अडत, हमाली आणि मोटारवाहतूक यांवर जगणाऱ्या या गावात महबूबला शाळा फारशी लाभली नाही. बसगाडीवर क्लीनर म्हणून, पुढे गिरणीत कामगार म्हणून त्याने पोट भरले. गाणे मात्र घरातच होते, कारण आई मुनेरबी यांच्याकडून त्याला मराठी लोकगीतांचा ठेवा मिळाला. पुढे त्यांच्या पोवाड्यांत आणि कवितांत जो रांगडा, मातीशी जोडलेला शब्द दिसतो, त्याचा उगम पुस्तकांत नसून या घरात आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार मोलाची आहे.

१९३०-३२च्या कायदेभंगाच्या काळात हा तरुण राष्ट्रीय चळवळीत ओढला गेला, गिरणी कामगारांच्या संपात पुढे आला आणि विसापूरच्या तुरुंगात पोहोचला. तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी झालेल्या ओळखीतून तो साम्यवादाकडे वळला. नंतर काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याने काम केले आणि अमर शेख हे नाव त्याला तेथेच मिळाले. मंचासाठी नवे नाव घेण्याची रीत पंकच्या गायकांतही सर्रास आढळते. लंडनच्या ‘द क्लॅश’ या बँडचा गायक जॉन मेलर हा लखनौत जन्मलेल्या एका ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा होता. भुयारी रेल्वेच्या वाटांवर गिटार छेडून पैसे मिळवण्याच्या दिवसांनंतर त्याने जो स्ट्रमर हे नाव धारण केले. मेलरने नावासोबत अधिकाऱ्याच्या घराची ओळख मागे टाकली. बार्शीच्या गिरणी कामगाराने आपल्या वर्गाची ओळख बदलली नाही, आणि नव्या नावात ‘शेख’ ठेवून तो कोण आहे हे श्रोत्यांना उघड कळू दिले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. कलापथक म्हणजे गाणी, पोवाडे, संवाद आणि नाट्य यांच्या साहाय्याने एखादा विचार लोकांपर्यंत नेणारा संच. त्याच्या कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. जुन्या तमाशात आरंभी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन असे. त्यानंतर कृष्ण आणि गवळणींची थट्टामस्करी असलेली गौळण आणि अखेरीस वग, म्हणजे कथानक. अण्णाभाऊंनी हा सांगाडा घेतला, परंतु गणात देवतेच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आणले, गौळण गाळली आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, काळाबाजार करणारा शेटजी, निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी आणि त्यांना पुरून उरणारा कामकरी माणूस उभा केला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यांची लोकनाट्ये याच वाटेने आली. वाद्ये म्हणाल तर डफ, तुणतुणे, झांज, ढोलकी, म्हणजे एका माणसाच्या खांद्यावरून नेता येतील आणि चाळीच्या चौकात, गिरणीच्या फाटकासमोर किंवा शेतात कोठेही वाजवता येतील अशी. मुख्य शाहिराने ओळ टाकावी आणि मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनी तिचा शेवट उचलून धरावा, ही पोवाड्याची मांडणी. झील एकदा कानावर बसली की समोरचा श्रोताही ती उचलू लागतो आणि गाणारे व ऐकणारे यांच्यातील अंतर गळून पडते.

या संचात अण्णाभाऊ प्रामुख्याने लेखक, गव्हाणकर गीतकार आणि शाहीर, तर अमर शेख म्हणजे पहाडी गळा, अशी विभागणी ढोबळमानाने सांगितली जाते. ती पूर्ण खरी नाही, कारण अमर शेख स्वतः कवी होते आणि अण्णाभाऊ स्वतः मंचावर उतरत. तथापि हजारोंच्या सभेत पहिल्या तानेसरशी शांतता पसरवणारा आणि शेवटच्या झिलीला तीच सभा पेटवणारा माणूस अमर शेखच होते. त्यांच्या गाण्याचे मूल्यमापन सुरांच्या शुद्धतेवर करणे अपुरे ठरेल. पोवाडा हा वीररसाचा प्रकार असल्याने त्यात श्वासाची लांबी, शब्दाचा आघात आणि ऐन ठिकाणी गाणे थांबवून गद्यात बोलण्याचे भान लागते, आणि या तिन्हींवर त्यांची पकड होती.

सत्तेला हे सोसवले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई राज्याच्या सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. त्याच सुमारास अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावरही बंदी आली होती, आणि अण्णाभाऊंसारख्यांनी आपल्या प्रयोगांना लोकनाट्य हे नाव देऊन ते चालू ठेवले. येथे सेक्स पिस्टल्सच्या गाण्यावरील बंदीशी तुलना करताना एक भेद नजरेआड करून चालणार नाही. ब्रिटनमधील बंदीमुळे तबकड्यांचा खप वाढला आणि कंपन्यांचा फायदा झाला. कलापथकापाशी विकायला स्वस्त पुस्तिकांपलीकडे फारसे काही नव्हते, त्यामुळे कार्यक्रम बंद म्हणजे चूल बंद, असा तो थेट हिशेब होता. शाहिराच्या बंडाची किंमत किती होती हे यावरून कळते, आणि त्याच्याविषयीचा आदर वाढतो.

रेल्वेने लातूरकडे गेले की ही किंमत आणखी वाढत असे. निजामी राजवटीत परवानगीशिवाय सभा भरवण्यास मनाई होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत नांदेड, उस्मानाबाद, बीड, परभणी या जिल्ह्यांत उघड्यावर राजकीय पोवाडा गाणे म्हणजे अटकेला आमंत्रण होते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, काळात सीमेपलीकडची बार्शी-सोलापूर ही गावे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचा आसरा झाली होती. म्हणून १९५५ नंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उसळली तेव्हा मराठवाड्याला सभा, घोषणा आणि शाहिरी यांचे मोकळे स्वातंत्र्य मिळून जेमतेम सात वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ती चळवळ हा अमर शेख यांच्या आयुष्याचा कळस होय. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे या मागणीसाठी शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली, आणि आचार्य अत्रे यांचे वक्तृत्व व लेखणी, अण्णाभाऊंचे शब्द आणि अमर शेख यांचा कंठ यांनी तो लढा चाळीचाळीत व गावोगाव नेला. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या काळात घराघरांत गेली. छक्कड हा लावणीच्या कुळातील सुटसुटीत गीतप्रकार असून, गावी राहिलेल्या प्रियेचा विरह सांगता सांगता ही रचना बेळगाव, कारवारसारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाच्या विरहापर्यंत पोहोचते. नांदेड-लातूरच्या वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात आले आणि बीदर-भालकीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सोयरीक एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे, अशी स्थिती शेकडो कुटुंबांच्या वाट्याला आली. अत्रे यांनी अमर शेख यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले ते रशियन क्रांतीच्या या कवीप्रमाणेच मोठ्या जनसमुदायासमोर उभे राहून कविता म्हणण्याच्या त्यांच्या सामर्थ्यामुळे.

१ मे १९६० रोजी राज्य झाले. आघाडीच्या गायकाच्या आयुष्यात लढा संपल्यानंतरचा काळ बहुधा कठीण जातो. द क्लॅशने १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्धच्या प्रचंड मेळाव्यात वादन केले, १९७९ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ हा दोन तबकड्यांचा संच एकीच्या किमतीत दिला. पण १९८३ मध्ये मुख्य सहकारी मिक जोन्स याला काढून टाकण्यात आले आणि तीनेक वर्षांत बँड संपला. स्ट्रमर पुढे बरीच वर्षे आपली वाट शोधत राहिला. अमर शेख यांनी ही वर्षे रिकामी जाऊ दिली नाहीत. ‘कलश’ (१९५८) या आधीच्या संग्रहापाठोपाठ ‘धरतीमाता’ने (१९६३) त्यांच्यातील कवी समोर आणला, त्यांनी ‘प्रपंच’ या चित्रपटात भूमिका केली, आणि १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशाच्या संरक्षणनिधीसाठी गाणी गात महाराष्ट्र पिंजून काढला. या शेवटच्या कामाला विशेष वजन आहे, कारण त्या युद्धाच्या प्रश्नावर कम्युनिस्ट पक्षात मोठी दुही माजली होती आणि अमर शेख यांनी आपली बाजू मंचावरून, सर्वांसमक्ष घेतली. त्यांच्यातील कवीकडे मराठी समीक्षेने द्यायला हवे होते तेवढे लक्ष दिले नाही. मोठा आवाज असलेल्या माणसाच्या कवितेत हळुवार काही असेल अशी अपेक्षाच समीक्षकांनी केली नाही, हे याचे एक कारण असावे.

१९६९ साल या पिढीवर घाला घालणारे ठरले. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. संयुक्त महाराष्ट्राचे रान उठवणारे तीन आवाज अडीच महिन्यांत थांबले. अमर शेख त्रेपन्नाव्या वर्षात होते. जो स्ट्रमर २००२ मध्ये पन्नाशीत गेला, आणि त्याआधी महिनाभर त्याने संपावर गेलेल्या लंडनच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी गायन केले होते. त्या मंचावर जुना सहकारी जोन्सही आपणहून येऊन उभा राहिला.

अमर शेख यांची कन्या मलिका अमर शेख या मराठीतील महत्त्वाच्या कवयित्री. त्यांचे पती नामदेव ढसाळ यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘गोलपिठा’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्या संग्रहातील संतापाची भाषा पंकच्या चार वर्षे आधीची आहे. मलिका यांनी १९८४ मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनातून चळवळीच्या अग्रभागी वावरणाऱ्या पुरुषाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते ते लिहिले. आघाडीच्या गायकांची आणि नेत्यांची चरित्रे लिहिताना जे पान सहसा कोरे सोडले जाते, ते या पुस्तकाने भरले.

मराठवाड्यात पुढे उभे राहून गाणाऱ्यांच्या या परंपरेची खरी कसोटी १९७८ मध्ये लागली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै रोजी विधिमंडळात मंजूर होताच दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात त्यांची तीव्रता मोठी होती आणि टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या याच जिल्ह्यात झाली. ठरावाची अंमलबजावणी रखडली, आणि त्यानंतरची सोळा वर्षे मोर्चे आणि लाँग मार्च यांच्या जोडीने आंबेडकरी जलशांनी, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून आणि संवादांतून मांडणाऱ्या संचांनी, लढ्याची धग टिकवली. ज्या गावात कालच घरे जळाली त्याच गावात डफ घेऊन पुढे उभे राहणाऱ्या या गायकांची नावे बहुतांशी छापील इतिहासात आलेली नाहीत. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांच्या नावाची जोड मिळाली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराबाहेर मंच लागतात आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या गायनपार्ट्या तेथे गातात.