एक होता माणूस

11 डिसेंबर 1916. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर उभा राहिला. आपली कर्मकहाणी त्याने ‘मी’ म्हणून सांगितलीच नाही. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा. युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचंय. देवाने तह घडवला तर जाईल. दीड मिनिटाच्या आत सगळं संपतं.

आटपाट नगराच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्याला ही रीत परकी वाटत नाही. सोसवत नाही ते दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगायचं. तोफा नाहीत, जखमा नाहीत. काय गमावलं याचं माप म्हणजे ते लोणी. मला ते कुठल्याही रणवर्णनापेक्षा जास्त लागतं.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून 10 लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. सुमारे 74 हजार परतलीच नाहीत. सर्वांत मोठी फौज मेसोपोटेमियात होती, म्हणून पंजाबी बायकांच्या गाण्यांत बसरा येतो. पराक्रमाचं कौतुक सरकारी भरतीच्या गाण्यांनी केलं. त्रिंजणात चरख्यावर सूत कातणाऱ्या बायकांनी मात्र ही लढाई एकदाची मोडू दे, कपाळीचं कुंकू राहू दे, एवढंच मागितलं. शिपायांना तर तेवढंही उघड बोलता येत नव्हतं. फ्रान्समधून गेलेली पत्रं सेन्सॉर वाचत असे. मग कुणी हिंदी शिपायांना काळी मिरी म्हणे, गोऱ्यांना लाल मिरची, आणि काळी संपत आल्याचं घरी कळवी.

बसऱ्याच्या वरच्या अंगाला, टायग्रिसकाठच्या कुत शहरात आपले मराठेही होते. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने अडकल्या. धान्य सरत आलं तेव्हा घोड्याचं मांस पुढे आलं, आणि कितीतरी हिंदी शिपायांनी धर्मापोटी ते बराच काळ नाकारलं. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं. इकडे गावोगावी पहाटे जातं फिरत होतं. सासुरवाशीण आपलं मन जिथे मोकळं करायची, तेच जातं.

तिकडे व्युन्सडॉर्फला माल सिंगचं ध्वनिमुद्रण करणारे भाषेचे अभ्यासक होते. त्यांना उच्चार हवे होते. प्रत्येक कैद्याचं एक पत्रक भरलं जाई: गाव, शिक्षण, येणाऱ्या भाषा, आवाज कसा आहे.